अख्खी कोंबडी ओव्हनमध्ये: कातडी कुरकुरीत आणि मांस रसाळ कसं राहतं

कोल्हापुरात घरी कोंबडी शिजते ती बहुतेक रश्शातच. तुकडे परतायचे, वाटण घालायचं, आधणाचं पाणी ओतायचं, वर पाण्याचं ताट झाकायचं आणि मंद आचेवर सोडून द्यायचं. हे आपल्या हातात इतकं मुरलं आहे की अख्खी कोंबडी ओव्हनमध्ये भाजायला घेतली तरी हात त्याच वळणाने चालतात. नळाखाली खळखळून धुतो, दह्याच्या ओल्या मसाल्यात बुडवून ठेवतो, खोल भांड्यात घालतो आणि वाळू नये म्हणून वर झाकण ठेवतो. तासाभराने बाहेर येते ती फिकट, चिवट कातडीची कोंबडी. छाती कोरडी ठक्क, मांडीच्या सांध्यापाशी मात्र अजून लालसर. मग ओटीजी, म्हणजे घरचा छोटा विजेचा ओव्हन, पुन्हा केक आणि नानकटाईपुरता उरतो.

दोष ओव्हनचा नसतो आणि हाताचाही नसतो. रश्शात पाणी आपलं काम करतं, भाजताना तेच पाणी आडवं येतं. कातडीतलं पाणी घालवायचं आणि मांसातलं राखायचं, ही दोन उलटी कामं एकाच वेळी, एकाच उष्णतेत साधायची असतात. कोंबडी भाजण्यातली सगळी अवघड वाटणारी कृती, मीठ आदल्या दिवशी का लावायचं इथपासून ताजी पानं नेमकी कुठे घालायची इथपर्यंत, या एका गोष्टीतून निघते. ती कळली की कुठलीही पाककृती समोर न ठेवता भाजता येतं.

पाणी आडवं येतं म्हणजे काय

पाणी उकळायला लागलं की त्याचं तापमान तिथेच थांबतं. समुद्रकाठी ते १०० अंश सेल्सिअस असतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून जास्त उंचीवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. कोंबडीची कातडी ओली असेल तर ओव्हनचा काटा २२० वर असला तरी कातडी या उकळबिंदूच्या आसपासच अडकून राहते. आलेली सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते.

भाजल्याचा तांबूस रंग आणि खमंग वास मात्र त्याच्या बराच वर, १४० अंशांच्या आसपास जोर धरतो. प्रथिनं आणि साखरेचे काही प्रकार उष्णतेत एकमेकांशी संयोग पावतात आणि त्यातून शेकडो नवे स्वाद तयार होतात. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात. आपल्याला ती नवी नाही. तव्यावरच्या भाकरीला पडणारे तांबूस डाग, वाटणासाठी भाजलेल्या खोबऱ्याचा रंग, बिस्किटाची कड, सगळीकडे तीच आहे. वाटण करताना कांदा आधी पाणी सोडतो, ते आटतं आणि मग कुठे तो लाल व्हायला लागतो. कोंबडीच्या कातडीचंही तसंच आहे, आधी वाळणार आणि मगच रंगणार. ती आधीच कोरडी असेल तर लवकर रंगते. ओली असेल तर ती वाळेपर्यंत आतलं छातीचं मांस जास्त शिजून बसतं.

इथे तंदुरीचा प्रश्न येतो. दह्यात मुरवलेली कोंबडी तंदूरमध्ये छान भाजते, मग घरी का नाही? कारण तंदूर ४०० अंशांच्या आसपास तापलेला असतो. तिथे दह्यातलं पाणी बघता बघता उडून जातं, शिवाय तिथे कोंबडी कातडी काढूनच घालतात. घरचा ओटीजी २३० किंवा २५० अंशांवर थांबतो. त्यात ओलं मॅरिनेशन म्हणजे वाफवण्याचीच व्यवस्था. तंदुरी करायची तर तुकड्यांची करावी. अख्खी कोंबडी कातडीसकट भाजायची असेल तर दही विसरावं.

दुकानातच अर्धं काम होतं

आपल्याकडे चिकनच्या दुकानात न सांगता कातडी निघते. पिसं आणि कातडी एकदमच ओढून काढली की काम झटपट होतं आणि गिऱ्हाईकालाही तेच हवं असतं. कातडीसकट हवी तर आधी कोंबडी गरम पाण्यात बुडवून पिसं काढावी लागतात. त्याला वेळ लागतो आणि रविवारी सकाळी रांग लागलेली असताना कुणी ते करत नाही. म्हणून आदल्या दिवशी, गर्दी नसताना जावं आणि स्पष्ट सांगावं.

"मामा, अख्खी पाहिजे. कातडीसकट. तुकडं करू नका."

"अख्खी? भरून करणार हाय काय?"

"भाजणार हाय, ओव्हनमध्ये. साफ केल्यावर सव्वा-दीड किलोच्या आत बसू दे. आणि पाठीचा कणा तेवढा काढून द्या."

वजनाचं महत्त्वाचं आहे. दीड किलोच्या वरची कोंबडी साध्या २८-३० लिटरच्या ओटीजीत मावते, पण तिची छाती वरच्या रॉडला जवळजवळ टेकते आणि जळते. मोठी एक आणण्यापेक्षा छोट्या दोन, दोन खेपांना भाजाव्यात. कणा काढायला का सांगायचं ते पुढे येईल.

आता गावरान कोंबडीबद्दल. कोल्हापूरकराला चवीची कोंबडी म्हणजे गावरान, आणि रश्शासाठी ते शंभर टक्के खरं आहे. भाजायला मात्र ब्रॉयलरच घ्यावी. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांची असते, तिचे स्नायू कोवळे असतात. गावरान कोंबडी कित्येक महिने हिंडलेली असते. तिच्या स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजन नावाचं प्रथिन वयाबरोबर घट्ट होत जातं. ते सुटायला ओली, मंद, दीर्घ आच लागते. तीच आच रश्शाला चव देते. ओव्हनच्या कोरड्या उष्णतेत तासाभरात ते सुटत नाही आणि दातांची परीक्षा होते. जी गोष्ट चुलीवर श्रेष्ठ आहे तिला ओव्हनमध्ये घालून तिचा अपमान करू नये.

धुण्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण आपल्याकडे न धुतलेलं मटण-चिकन शिजवणं कुणाच्या मनालाच पटत नाही. कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टरसारखे जिवाणू असू शकतात. धुतल्याने ते जात नाहीत. पाण्याच्या जोराने त्यांचे शिंतोडे सिंकभर, शेजारच्या कोथिंबिरीवर आणि धुऊन पालथ्या घातलेल्या ताटांवर उडतात. मरतात ते उष्णतेने. म्हणून आतली चिकटलेली घाण, रक्त, राहिलेली पिसं ओल्या कापडाने किंवा टिश्यूने पुसून काढावीत. मन मानत नसेल तर खोल पातेल्यात, बारीक धारेखाली, सावकाश धुवावी आणि मग सिंक, ओटा, हात साबणाने स्वच्छ करावेत. दोन्ही प्रकारांत त्यानंतर कोंबडी आतून-बाहेरून, पंखांच्या खाचांतून, पुसून पुसून कोरडी करायची. इथे कंटाळा करू नये.

मीठ आणि एक रात्र

साफ केल्यावर सव्वा किलो भरलेल्या कोंबडीला साधारण १५ ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे चहाचे सपाट अडीच चमचे. ते बाहेरून, आतून, मांड्यांच्या घड्यांत चोळायचं. छातीवर आणि मांडीवर जास्त, पंखांवर कमी.

अर्ध्या तासाने बघितलं तर कोंबडीला पाणी सुटलेलं दिसतं आणि आपलं काहीतरी बिघडलं असं वाटतं. तसं नाही. मिठाने पृष्ठभागावरचं पाणी ओढलं, त्या पाण्यात मीठ विरघळलं आणि आता ते खारं पाणी हळूहळू परत आत झिरपायला लागतं. आत गेलेलं मीठ स्नायूंमधल्या प्रथिनांची घट्ट वीण सैल करतं. सैल झालेली प्रथिनं तापल्यावर कमी आवळतात, त्यामुळे कमी पाणी पिळून बाहेर टाकतात. याला वेळ लागतो, म्हणून १२ ते २४ तास. मीठ लावून पाऊण तासात ओव्हनमध्ये घालणं हा सगळ्यात वाईट मुहूर्त, कारण तेव्हा पाणी बाहेर आलेलं असतं आणि आत गेलेलं नसतं. रात्रभर ठेवायला वेळ नसेल तर थेट ओव्हनमध्ये घालताना मीठ लावलेलं परवडलं.

ही रात्र फ्रीजमध्ये, उघडी काढायची. फ्रीजमधली थंड हवा कोरडी असते आणि ती कातडीतला ओलावा शोषून घेते. पावसाळ्यात तर बाहेरच्या दमट हवेत कातडी वाळण्याची आशाच नाही, तेव्हा फ्रीजच कामाला येतो. खोल ताटात, जाळीवर, सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवावी, म्हणजे तिचं पाणी दुसऱ्या कशावर गळणार नाही. सकाळी कातडी थोडी ताणलेली, किंचित अर्धपारदर्शक आणि हाताला कागदासारखी कोरडी लागते. हीच ती अवस्था. फ्रीजमध्ये घरच्या देवासाठीचं दूध-लोणी असतं म्हणून उघडी कोंबडी ठेवणं अनेक घरांत चालत नाही. अशा वेळी मोठ्या डब्यात जाळीवर ठेवून झाकण किंचित कलतं ठेवावं आणि सकाळी पुन्हा पुसून घ्यावी. कातडी थोडी कमी कुरकुरीत होईल, मांसाला फरक पडत नाही.

ताज्या पानांची जागा

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे, आणि सगळ्यात जास्त गंमतही इथेच आहे.

पानांचा वास त्यांच्यातल्या तेलांचा असतो. ही तेलं पाण्यात जवळजवळ मिसळत नाहीत, स्निग्धात मिसळतात आणि तापल्यावर उडून जातात. म्हणून पानांच्या दोन जाती धराव्यात. काहींची तेलं उष्णतेला टिकतात. रोझमेरी, थाइम आणि आपल्या परड्यातला पानओवा त्यातले. काहींची नाजूक असतात आणि दहा मिनिटांत नाहीशी होतात. कोथिंबीर आणि पुदिना या दुसऱ्या गटातले. पहिल्या गटातली पानं आधी घालायची, दुसरी शेवटी.

रोझमेरी आणि थाइमच्या छोट्या पाकिटांसाठी मॉलमध्ये जायला हरकत नाही, पण त्यांच्यावाचून अडत नाही. थाइमच्या वासात थायमॉल नावाचं द्रव्य असतं. आपल्या ओव्याच्या दाण्यांतही थायमॉलच आहे. पानओव्याच्या जाड, लवदार पानांत थायमॉल आणि त्याचं भावंड कार्व्हाक्रॉल असतं, जे युरोपातल्या ऑरेगॅनोलाही वास देतं. म्हणजे ज्या पानांची आपण भजी करतो, ती भाजलेल्या कोंबडीसाठी घरच्या कुंडीत आधीपासून हजर आहेत. गवती चहातलं सिट्राल लिंबाची आठवण देतं. सब्जाच्या रोपाची पानं म्हणजे गोडसर बेसिलच. कपिलतीर्थ मंडईत सकाळी लसणाची पात, शेपू, पुदिना, कढीपत्ता, सगळं ताजं मिळतं. या सगळ्यातून निवड करताना माझं मत असं, की एक पान मुख्य ठेवावं आणि एक सोबतीला. पाच घातली की कुणाचाच वास लागत नाही.

पानओव्याची एक अडचण आहे. ती पानं रसाळ असतात, म्हणजे पुन्हा पाणी. म्हणून दहा-बारा पानं बारीक चिरून तीन मोठे चमचे साजूक तुपात मंद आचेवर मिनिटभर परतावीत. चरचर थांबली की पाणी गेलं. गॅस बंद करून त्यात ठेचलेल्या सहा-सात लसणीच्या पाकळ्या, भरड मिरपूड आणि लिंबाच्या सालीचा अगदी वरवरचा किस घालावा. पांढरा भाग किसला तर कडू होतं. लिंबाचा रस आत्ता नाही. रस म्हणजे पाणी आणि आम्ल, आणि आम्ल रंग यायला अडवतं. हे मिश्रण गार होऊन तूप रवाळ झालं की वापरायचं.

लोणी की तूप? बाजारातल्या लोण्यात सहाव्या भागाच्या आसपास पाणी असतं, घरच्या लोण्यात त्याहून जास्त. तूप म्हणजे पाणी काढून टाकलेलं लोणीच. इतकी मेहनत करून वाळवलेल्या कातडीला बाहेरून लोणी फासणं पटत नाही. म्हशीच्या दुधाचं घरचं तूप कोल्हापुरात दुर्मीळ नाही, तेच घ्यावं.

आता हे तूप कातडीच्या आत कसं घालायचं. कोंबडी छाती वर करून ठेवा. मानेच्या बाजूला किंवा पोटाच्या उघड्या बाजूला कातडीची कड बोटांनी उचला. नखं कापलेली हवीत, अंगठी काढून ठेवा. तर्जनी आणि मधलं बोट पालथं करून कातडी आणि मांस यांच्या मध्ये सरकवा. एक पातळ पापुद्रा लागतो, तो बोटाच्या रेट्याने सुटत जातो. छातीच्या मधल्या हाडावर तो जरा घट्ट असतो, तिथे ओढाताण केली की कातडी फाटते. म्हणून दोन्ही बाजूंनी सैल करत मध्याकडे यावं. मग बोटं खाली मांडीवर वळवावीत, तिथली कातडी सहज सुटते. चमचाभर तूप आत सोडून वरून, कातडीवरून तळहाताने पसरवावं. हिरवे ठिपके कातडीतून दिसायला लागतात. आत गेलेली पानं आणि लसूण जळत नाहीत, कारण वर कातडीचं छत आहे, आणि तूप वितळून छातीच्या सुक्या मांसावर वास घेऊन उतरतं. बाहेरून मग नुसतं तुपाचं बोट फिरवलं तरी पुरे. लसूण आणि पानं बाहेर लावू नयेत, वीस मिनिटांत काळी पडून कडवट होतात.

पोटात अर्धं लिंबू, गवती चहाची जुडी, कोथिंबिरीच्या काड्या कोंबायची पद्धत आहे. वास छान येतो, पण मांसात फारसा उतरत नाही, आणि गच्च भरलं तर आतून उष्णता पोचायला वेळ लागतो. मी ती काडी-पानं भाजायच्या ट्रेमध्येच ठेवायला सांगेन.

कोथिंबीर आणि पुदिना वाया घालवायचे नाहीत. त्यांची जागा ओव्हनच्या बाहेर आहे. कोंबडी निघाल्यावर ट्रेमध्ये जमलेल्या गरम तूप-रसात मूठभर बारीक चिरलेली कोथिंबीर, थोडा पुदिना, एक हिरवी मिरची आणि आता लिंबाचा रस. ढवळून वाटीत काढावं आणि कापलेल्या मांसावर घालावं. ताज्या हिरव्या वासाचं जे सुख आपण पहिल्यापासून शोधत असतो, ते इथे मिळतं.

आणि कांदा-लसूण मसाला? तो नसेल तर घरात कुणी विचारेलच. कातडीवर तो लावू नये. त्यातला तळलेला कांदा, खोबरं, लसूण आधीच भाजलेले असतात, २०० अंशांत ते करपतात. पण कोंबडीच्या खाली ट्रेमध्ये जाड चिरलेल्या कांद्यांना आणि बटाट्यांना मोठा चमचाभर मसाला चोळून ठेवला, तर वरून तूप-रस ठिबकत राहतो आणि मसाला करपत नाही. शेवटी खाली जे तयार होतं, ते भाकरीशी खाल्ल्यावर कोंबडीचं मांस बाजूला राहतं.

एका कोंबडीत दोन प्रकारचं मांस

कोंबडी दिवसभर पायांवर असते आणि पंख क्वचित फडफडवते. म्हणून पायाच्या स्नायूंत प्राणवायू साठवणारं मायोग्लोबिन जास्त असतं, त्याने मांस गडद दिसतं, आणि कोलॅजनही जास्त असतं. छातीच्या स्नायूंत दोन्ही कमी. परिणाम असा की छाती ७० अंशांच्या आसपास रसाळ असते आणि त्यानंतर दर अंशाला पाणी पिळून टाकत जाते. मांडीतलं कोलॅजन मात्र ७० च्या पुढेच जिलेटिनमध्ये बदलायला लागतं. मांडी ८० अंशांना खरी मऊ होते. दोघींना वेगळं तापमान हवं, आणि दोघी एकाच अंगाला जोडलेल्या. वर ओटीजीत छाती वरच्या रॉडच्या जवळ आणि मांड्या खाली सावलीत. नेमकं उलटं.

म्हणूनच दुकानात कणा काढायला सांगितला. कणा काढलेली कोंबडी छाती वर करून ओट्यावर उघडी ठेवावी आणि छातीच्या मधल्या हाडावर दोन्ही तळहातांनी जोर द्यावा. कट् असा आवाज येतो आणि ती पुस्तकासारखी उघडून सपाट बसते. आता मांड्या बाजूंना, पातळ, पूर्ण उष्णतेत येतात. छाती मधे जाड राहते, म्हणून सावकाश तापते. दोन्ही जवळजवळ एकदम तयार होतात, वेळ तिसऱ्या हिश्श्याने कमी लागतो, सगळी कातडी वर असल्याने सगळी कुरकुरीत होते आणि बुटक्या ओटीजीत उंचीचा प्रश्नही मिटतो. टेबलावर गोल, डौलदार कोंबडी ठेवण्याची हौस असेल तर अख्खी भाजावी, चव तीही देते. पण पहिल्यांदा करणाऱ्याने सपाटच करावी, असं मी ठामपणे सांगेन.

ओव्हनमध्ये

ओटीजी दीड-दोन हजार वॅटचा असतो, त्याला जाड पिनेचा पॉवर पॉइंट हवा. वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू करून २२० वर निदान वीस मिनिटं तापवावा. दिवा विझला म्हणजे हवा तापली, भिंती अजून तापायच्या असतात. पंखा असेल तर २०० पुरे. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये हे होत नाही, कन्व्हेक्शनचा, म्हणजे गरम हवा खेळवून भाजण्याचा पर्याय लागतो.

ट्रे कमी काठाचा घ्यावा. खोल भांड्याच्या भिंती वाफ कोंडतात. झाकण नको, ट्रेमध्ये पाणी ओतणं नको. कोंबडी मधोमध येईल अशा बेताने ट्रे खालच्या खाचेत सरकवावा. सपाट केलेल्या सव्वा किलोच्या कोंबडीला ४० ते ५० मिनिटं लागतात. अख्ख्या कोंबडीला पहिली वीस मिनिटं २२० आणि मग १९० वर आणखी चाळीस-पंचेचाळीस. निम्म्या वेळाने ट्रे फिरवावा, कारण घरगुती ओव्हनची एक बाजू कायम जास्त तापट असते. छातीवर रंग लवकर चढला तर तेवढ्याच भागावर फॉइलचा तुकडा टाकावा. दर पाच मिनिटांनी दार उघडून तूप सोडत बसू नये. उष्णता जाते आणि कातडी पुन्हा ओली होते.

शिजली की नाही हे ओळखायला थर्मामीटरला पर्याय नाही. टोकदार सळईचा स्वयंपाकाचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो आणि अंदाजाचं सगळं ओझं उतरवतो. आणल्यावर एकदा उकळत्या पाण्यात धरून बघावा. कोल्हापुरात तो ९८ च्या आसपास दाखवेल, १०० नाही, आणि तेच बरोबर आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने कोंबडीसाठी ७४ अंश ही सुरक्षित मर्यादा दिली आहे, या तापमानाला साल्मोनेला जवळजवळ तत्काळ मरतो. सळई छातीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसावी. ७२ दिसलं आणि मांडीत ८० च्या आसपास असलं की बाहेर काढावी. बाहेर आल्यावरही वरची उष्णता आत सरकत राहते आणि छाती दोन-तीन अंश चढते. पाच मिनिटांनी पुन्हा बघावं, ७४ गाठलं नसेल तर परत आत.

रंगावर विसंबू नये. कोवळ्या ब्रॉयलरची हाडं सच्छिद्र असतात, त्यांतला मगजाचा लाल रंग झिरपून हाडाजवळचं मांस पूर्ण शिजल्यावरही गडद दिसतं. उलट, स्वच्छ पाणी सुटलं म्हणजे शिजलीच असंही नाही. थर्मामीटर नसेलच तर मांडीचा सांधा हाताने हलवल्यावर सैल फिरतो का बघावं, जाड भागात सुरी घालून मांस घट्ट आणि पांढुरकं झालंय का ते तपासावं आणि शंका असेल तर दहा मिनिटं जास्त द्यावीत. छाती थोडी सुकली तरी चालेल, कच्ची नको.

बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. घरातल्यांना वासाने धीर धरवत नाही, पण लगेच कापली तर रस पाटावर वाहतो. थोडी निवली की तो दाटतो आणि मांसातच राहतो. या वेळात झाकू मात्र नये. फॉइलखाली वाफ धरते आणि रात्रभर कमावलेली कातडी पाच मिनिटांत मऊ पडते. कापताना आधी तंगड्या सांध्यातून वेगळ्या कराव्यात, मग छातीच्या हाडाला धरून दोन्ही बाजूंचं मांस अख्खं उतरवावं आणि आडवे काप करावेत. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं.

हाडं, पंखांची टोकं आणि दुकानातून परत आणलेला कणा एकत्र करून कुकरमध्ये आल्याचा तुकडा, अर्धा कांदा आणि पाणी घालून तीन-चार शिट्ट्या कराव्यात. भाजलेल्या हाडांचं हे अळणी, म्हणजे हाडं उकळलेलं पाणी, पांढऱ्या रश्शाला वेगळाच खमंगपणा देतं. तीळ, खसखस, काजूचं वाटण नेहमीसारखंच. हाडांना मीठ आधीच लागलेलं आहे, तेव्हा मीठ शेवटी, चाखून. नारळाचं दूध घातल्यावर आच बारीक ठेवा, खळखळून उकळलं तर फाटतं.